हेल्थ कोचकडे जाण्याआधी, आणि गेल्यावर

तेल कमी करा, गोड बंद करा, रोज चाला, रात्री लवकर जेवा. एवढं सांगायला कोणाला फी द्यायची गरज नाही. शेजारचे काका सांगतात, जिन्यात भेटलेली वहिनी सांगते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर सकाळी आठच्या आत सगळं सांगून झालेलं असतं. मध्यंतरी आपल्याकडे ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद लग्नाच्या पंगतीतही रंगायचा. दिवसातून दोनदाच जेवायचं की थोड्या थोड्या वेळाने खायचं, यावर माणसं हिरिरीने भांडायची आणि भांडून झालं की दोन्ही पक्ष जिलबी वाढून घ्यायचे. माहितीला तोटा नाही. अडतं ते पुढे. मंगळवारी रात्री दमून घरी आल्यावर, समोर डबा असताना, रविवारी ठरवलेलं पाळायचं कसं? हेल्थ कोचचं काम तिथून सुरू होतं. म्हणून आहाराचा तयार तक्ता मिळेल या अपेक्षेने त्याच्याकडे जाऊ नका. तक्ता हवा असेल तर आहारतज्ज्ञाकडे जा, तो अधिक चांगला करून देईल.

मग कोच करतो तरी काय? थोडक्यात, आठवड्याची एक गोष्ट तुमच्याच तोंडून ठरवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात तिचं काय झालं ते विचारतो. ऐकायला फार मोठं वाटत नाही. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 3,234 जणांवर अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. खाण्या-चालण्यात बदल केलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्या गटात 31 टक्क्यांनी. वजन 7 टक्के उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायचं, एवढंच त्यांचं उद्दिष्ट होतं. हे आकडे सगळीकडे सांगितले जातात, पण त्या गटातल्या प्रत्येकाला एक मार्गदर्शक दिलेला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या 24 आठवड्यांत समोरासमोर बसून 16 बैठका आणि नंतरही दर महिन्याला गाठभेट, असा त्याचा पाठपुरावा होता.

आपल्याकडे चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने 531 जणांवर असाच प्रयोग केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे घट 28.5 टक्के होती, आणि गंमत म्हणजे मंडळींचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. त्याच गटाने पुढे 537 पुरुषांना दोन वर्षं नुसते मोबाइलवर संदेश पाठवले. ज्यांना संदेश गेले नाहीत त्यांच्यातल्या 27 टक्क्यांना मधुमेह झाला, ज्यांना गेले त्यांच्यातल्या 18 टक्क्यांना. देशात मधुमेही 10 कोटींवर आणि त्याच्या उंबरठ्यावरचे 13 कोटींवर आहेत, असा आयसीएमआरच्या पाहणीचा 2023 चा अंदाज आहे. एवढ्या माणसांना घरोघरी कोच मिळणं शक्य नाही. पण कोणीतरी नेमाने विचारपूस करत राहिलं की फरक पडतो, एवढं या प्रयोगांवरून मला पटलं आहे. विचारणारा नीट निवडायचा आणि त्याच्याशी खरं बोलायचं, हे दोन्ही मात्र आपल्याकडे असतं.

निवडण्याची गोष्ट आधी. ‘डॉक्टर’ ही पाटी कोणीही उठून लावू शकत नाही, ‘हेल्थ कोच’ ही लावू शकतो. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशा अनेकांना एका चौकटीत आणलं, पण कोचला तसं बंधन नाही. अमेरिकेत या कामासाठी 2017 पासून राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा आहे आणि आपल्याकडचे काही कोच ती देतात. काहींनी आहारशास्त्राची किंवा मानसशास्त्राची पदवी घेतलेली असते. काहींचं शिक्षण म्हणजे शनिवार-रविवारची एक कार्यशाळा आणि स्वतःचं उतरलेलं वजन. स्वतःचं वजन उतरवलेलं असणं कौतुकाचंच, पण त्याने दुसऱ्याचं ऐकून घेण्याची कला येतेच असं नाही. तेव्हा पहिल्याच फोनवर सरळ विचारा: शिक्षण काय, कुठे घेतलं, माझ्यासारख्या किती जणांबरोबर किती काळ काम केलं, मधुमेह किंवा थायरॉईड असलेल्यांच्या डॉक्टरांशी बोलता का? चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणखी एक कसोटी. त्या पहिल्या पंधरा मिनिटांत जास्त कोण बोललं ते बघा. तो बोलत राहिला आणि तुम्ही ‘हो, हो’ करत राहिलात, तर पुढेही तसंच होणार.

पहिली बैठक कशी व्हायला हवी, ते जवळून पाहू. समजा, डोंबिवलीला राहणारे आणि फोर्टात नोकरी करणारे सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, 6.1 आली आहे. 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठा, 6.5 झाले की मधुमेह. गृहस्थ घाबरलेत आणि घाबरलेला माणूस नेहमी मोठं बोलतो. “दहा किलो उतरवायचेत. साखर पूर्ण बंद. उद्यापासून पाचला उठून चालणार.”

उत्साही कोच यावर टाळ्या वाजवेल. अनुभवी कोच म्हणेल, “ते लिहून ठेवू. आधी मला कालचा दिवस सांगा, सकाळपासून.”

काल सकाळी चहा-बिस्किटं, डब्यात पोळीभाजी, चारला ऑफिसखालचा वडापाव, साडेआठला डोंबिवली स्टेशन, रिक्षाने घर, साडेनऊला जेवण. मग टीव्ही. मग अकराला थोडं फरसाण.

“फरसाण रोज?”

“रोज असं नाही. घरात असलं की.”

“असतं कुठे?”

“फ्रिजवर, बरणीत.”

“अकरा वाजता भूक लागते?”

यावर गृहस्थ जरा थांबतात. “भूक नसते हो. सगळे झोपलेले असतात. दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो.”

बैठकीची फी या एका वाक्यात वसूल झाली. कारण ‘फरसाण बंद’ असा हुकूम निघाला असता, तर त्याच्याबरोबर दिवसातला एकुलता एक निवांत तासही गेला असता आणि चौथ्या दिवशी बरणी परत खाली आली असती. आता विचार वेगळा करता येतो. तास तसाच ठेवायचा, त्यात दुसरं काय बसेल ते बघायचं. भाजलेले चणे, ताक, गाणी, काहीही. ते गृहस्थच सुचवतील, आणि त्यांनीच सुचवलेलं बरं.

चालण्याचंही तसंच. पहाटे पाचला उठणं सात-चाळीसची लोकल पकडणाऱ्याला आठवडाभरही जमणार नाही, हे कोचला दिसतं, पण तो तसं म्हणत नाही. तो विचारतो, “एक ते दहामध्ये सांगा, हे जमेल याची खात्री किती?” गृहस्थ प्रामाणिक असतील तर म्हणतील, चार. “बरं, चार. दोन का नाही?” हा प्रश्न विचित्र वाटतो, पण त्याचं उत्तर देताना माणूस स्वतःच्याच बाजूने बोलायला लागतो. वडिलांचे मधुमेहाने गेलेले पाय त्याला आठवतात, मुलीचं कॉलेज आठवतं. मग दुसरा प्रश्न: “सात व्हायला काय बदलावं लागेल?” आणि उत्तर येतं की सकाळ नको, संध्याकाळ चालेल, रोज नको, तीन दिवस चालेल. शेवटी कागदावर उतरतं ते एवढंच: ‘सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी स्टेशनवर उतरलो की रिक्षाच्या रांगेकडे न वळता चालत घरी.’

ही प्रश्न विचारण्याची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या व्यसनात अडकलेल्यांसाठी मांडली. पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासह त्यांनी 1991 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. माणसाला ढकललं की तो मागे रेटतो. स्वतःची कारणं स्वतः बोलू दिली की पुढे सरकतो, असं त्याचं सार. आणि ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशी जागेला-वेळेला बांधलेली योजना नुसत्या निश्चयापेक्षा जास्त टिकते, हे पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलेलं आहे. ‘जास्त चालायचं’ हा निश्चय झाला. ‘स्टेशनवर उतरलो की’ ही योजना. तुमच्या कोचने पहिल्या बैठकीअखेर असं एखादं वाक्य लिहून घेतलं नाही, तर तुम्ही मागून घ्या.

त्या बैठकीला जाताना रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि आदल्या चार-पाच दिवसांची खाण्याची वही बरोबर न्या. वही सुशोभित करू नका. पावसात चालत यायचं राहिलं, साहेबांच्या निरोप समारंभात दोन समोसे झाले, तेही लिहा. आणखी एक गोष्ट सांगायला बहुतेक पुरुष विसरतात: घरात स्वयंपाक कोण करतं. फोडणीचं माप ज्याच्या हातात आहे त्याला वगळून तेल कमी होत नाही. त्यासाठी किराण्याची यादी काढावी. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला 20 ते 25 ग्रॅम तेल-तूप पुरतं, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला अडीच-तीन किलो. तुमच्याकडे पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर चर्चा कोणी कमी खायचं इथून सुरू न होता डब्यापासून सुरू होते, आणि घरात भांडणही कमी होतं. नवराबायकोने एकमेकांचे कोच होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला फार घरांतल्या जेवणाच्या टेबलांचा आधार आहे.

आता दुसरा, तिसरा, चौथा आठवडा. पहिला आठवडा बहुतेकांचा छान जातो. मग कधीतरी सोमवारी पाऊस, बुधवारी मेगाब्लॉकसारखा गोंधळ, शुक्रवारी पाहुणे. तीनपैकी शून्य. शनिवारी कोचचा फोन असतो आणि हात आपोआप निरोप टाइप करू लागतो: ‘या आठवड्यात जरा घाईत आहे, पुढच्या आठवड्यात बोलू?’ हा निरोप पाठवू नका. पुष्कळांचा कार्यक्रम इथेच सुटतो, आणि त्या माणसांमध्ये इच्छाशक्ती नसते असं मुळीच नाही. त्यांना वाटतं, कोचला तोंड काय दाखवायचं. शाळेत गृहपाठ न झालेल्या मुलासारखं. खरं तर सगळं जमलेल्या आठवड्यातून कोचला काही कळत नाही. न जमलेल्या आठवड्यातून कळतं की पावसासाठी दुसरी सोय हवी होती, उदाहरणार्थ ऑफिसच्या इमारतीत चार मजले जिन्याने.

एक दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, हे पाहिलं गेलेलं आहे. लंडनला फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना एकेक नवी सवय लावायला सांगितली. ती आपोआप व्हायला लागेपर्यंत साधारण 66 दिवस गेले. पण कोणाला 18 पुरले, तर कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस राहिला तरी फारसं बिघडलं नाही. ‘21 दिवसांत सवय’ हे जे जाहिरातीत असतं, ते मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून निघून फिरत फिरत आलं आहे. त्यानेही निदान 21 दिवस असंच म्हटलं होतं. ‘निदान’ वाटेत गळून पडलं. तेव्हा कोणी 21 दिवसांचं पॅकेज पुढे केलं तर बाविसाव्या दिवसाचं काय, असं विचारून घ्या.

मोजायचं काय, हेही आधीच ठरवा. रोज वजनकाट्यावर उभं राहणाऱ्याचा मूड पाण्याच्या ग्लासावर अवलंबून राहतो. त्यापेक्षा केलेल्या गोष्टी मोजा: आठवड्यात किती वेळा चालत आलो, किती रात्री बरणी उघडली नाही. कंबर महिन्यातून एकदा, टेपने, बेंबीच्या पातळीला. आपल्याकडच्या पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 ही सावधगिरीची रेघ. एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत परत करण्यात अर्थ नाही. रक्तातल्या त्या खुणा बदलायलाच तेवढा वेळ लागतो.

सणांबद्दल कोचशी आधी बोला, नंतर कबुली देण्यापेक्षा. श्रावणात साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस एकाच ताटात येतो. ‘उपवास आहे म्हणजे कमी खाल्लं’ ही समजूत वहीत लिहिली की दोन मिनिटांत उतरते. गणपतीत मोदक खाऊच नका म्हणणारा कोच मला तरी नको. किती खायचे आणि कोणाच्या घरी, हे चतुर्थीच्या आधी ठरवता येतं. आग्रहाला काय उत्तर द्यायचं तेही ठरवून जावं. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे अजूनही आपल्याकडे सर्वांत चालणारं नाणं आहे, निःसंकोच वापरा.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण कमी केलं आणि चालणं वाढवलं, तर साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातापायांची थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की मोजत बसण्यात वेळ न घालवता तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. 70 च्या खाली असेल तर पुन्हा घ्यायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठायचं. म्हणून सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांना सांगा, ‘मी खाण्यात हा बदल करतोय, डोस बघाल का?’ वजन उतरलं की बीपीच्या गोळीचंही तेच. डोस कमी करणं, गोळी बंद करणं हे कोचचं काम नाही; जो कोच ते करतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. किडनीचा त्रास असलेल्यांनी प्रोटीन पावडरच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं तर थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं, शनिवारच्या फोनची वाट पाहायची नाही. आणि खाण्याच्या मुळाशी सततची उदासी असेल, चोरून भरपूर खाऊन मग उलटी काढणं असेल, तर ते मानसोपचाराचं क्षेत्र आहे. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो आणि फुकट आहे.

पैशांचं लवकर उरकतो. पहिला महिना महिन्याचेच पैसे द्या, वर्षाचं पॅकेज सवलतीत मिळत असलं तरी. मधेच सोडलं तर किती परत, हे लेखी घ्या. तोच कोच डबे, पावडरी, ‘डिटॉक्स’चे काढे विकत असेल तर त्याचं उत्पन्न तुमच्या सवयीवर आहे की डब्यांवर, याचा अंदाज घ्या. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशा जाहिराती करायला 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानेच मनाई आहे, तेव्हा असं म्हणणारा पहिल्याच वाक्यात कायदा मोडतोय. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन 1915. तुमचे रिपोर्ट आणि ‘आधी-नंतर’चे फोटो ग्रुपवर टाकायला परवानगी द्यायची की नाही, तेही सुरुवातीलाच सांगून टाका, संकोचाने दिलेला होकार पुढे नातेवाइकांच्या फोनपर्यंत पोचतो.

फी परवडत नसेल तर? तिशी ओलांडलेल्यांची बीपी-शुगरची तपासणी सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते, तिथून सुरुवात करा. मग बायको-नवरा सोडून दुसरा कोणी शोधा: चालायला येणारी मैत्रीण, जुना सहकारी, धाकटी बहीण. तिला सल्ले द्यायला बंदी करा. दर शनिवारी फोन करून तीनच प्रश्न विचारायचे: काय ठरलं होतं, काय झालं, पुढच्या आठवड्यात काय. उत्तर ऐकून ‘मी सांगितलं होतं ना’ म्हणायचं नाही. ही अट पाळणारी माणसं थोडी असतात, पण असतात.

पैसे देऊन कोच घेतलेला असो वा फुकटचा, तो सुटणार कधी हे पहिल्याच महिन्यात विचारा. साधारण असं मागा: पहिले तीन महिने दर आठवड्याला, पुढचे तीन पंधरवड्याने, मग महिन्यातून एकदा, आणि मग फक्त वर्षाच्या तपासण्यांच्या वेळी. मधल्या काळात बदली झाली, घरात आजारपण आलं, पावसाळा सुरू झाला, तर एखादा जादा फोन. प्रत्येक टप्प्यावर एकेक काम कोचकडून स्वतःकडे घ्या: आधी वही तपासणं, मग आठवड्याची गोष्ट ठरवणं, मग खात्रीचा आकडा स्वतःच स्वतःला विचारणं. सहा महिन्यांनंतरही दर शनिवारी तोच तुमची गोष्ट ठरवत असेल, तर पुढच्या हप्त्याचे पैसे भरण्याआधी त्याच्याशी याच विषयावर एक बैठक घ्या.